चेहरे वगळून

मे महिना. मोमिनपुऱ्यातला बंद छापखाना.
कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त फेकतो.
लांब टेबलावर आम्ही बायका मांडत जातो :
साबणाची अर्धी वडी, एक ब्लेड,
उकळून वाळवलेल्या दोऱ्याचे दोन तुकडे,
हातभर प्लास्टिक, मऊ सुती फडकं.
एवढ्यात एक बाळंतपण निभतं.
मेयोत एकोणतीस वर्षं काढलीत मी, उगाच बोलत नाही.

फडकी कुंदाबाई हेडाऊंची, गोळीबार चौकातून.
"मागावरचं शेवटचं," म्हणतात दर वेळी
आणि दर वेळी आणखी एक ठाण निघतं.
पुड्या नुसरत आपा बांधते. गाठ अशी
की रस्त्यात सुटू नये
आणि कळ आली की एका हिसक्यात सुटावी.
खोकी कळमन्याच्या बाजारातली.
तिकडे कोणी उघडेल तेव्हा
आधी संत्र्यांचा वास येईल, मग ब्लेड दिसेल.

त्या देशाचं नाव आम्ही मोठ्यानं घेत नाही.
भीती नाही. नाव निघालं की आपा
तिथल्या मुलींच्या शाळांची कुलपं मोजायला लागते
आणि पुड्या मोजायच्या राहतात.

मग तिकडून पत्र आलं.
सामान चालेल.
सोबतच्या चित्रांत स्त्रीचा चेहरा दिसता कामा नये.
ठप्पा, तारीख, सहीच्या जागी कोंबडा.

चित्रं समता गजभियेची.
बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हात त्याच्यावर गेलाय.
हात धुणारी, कण्हणारी, नाळ बांधणारी,
आणि शेवटच्या चौकटीत बाळाकडे पाहून हसणारी.
"हसू काऊन पुसाचं, ताई?
हासल्यानं का कोनाचं सरकार पडते?"
पडत असेल, म्हटलं.
नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतं?

पुन्हा छापायला पैसे नव्हते.
तीन दिवस व्हाइटनर घेऊन बसलो.
बाराशे कागद, दर कागदावर चार चेहरे.
नखांवर पांढरे पापुद्रे धरले.
बाळाचं काय करायचं, ते पत्रात नव्हतं.
कुंदाबाईंनी चष्मा कपाळावर सारला,
"पोरगं हाये म्हनून सांगा.
दुपट्यात गुंडाळलं हाये, पाह्यते कोन?"
हसलो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.
मग आपा फडकं घडी करता करता म्हणाली,
"और लड़की हुई तो? कितने बरस?"
त्यानंतर नुसता कूलर.

संध्याकाळी कागद दोरीवर वाळत होते.
डोक्यावरून ओढणी, ओढणीत पांढरा डाग,
खाली मात्र हात शाबूत.
हातांबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं.
ओंजळ. मनगट. नाळ दाबून धरलेली दोन बोटं.

स्वतःला समजावत निघाले :
माझा तरी चेहरा कोणत्या बाळंतिणीनं पाहिला?
मास्कच असायचा. तरी इतवारीत
एखादी आवाजावरून ओळखते,
"सिस्टर, तुमीच न वो? हा पाहा, तुमच्या हातचा,"
आणि मिसरूड फुटलेला एक दांडगा पोरगा पाया पडतो.

ऑटोत झळा येत होत्या.
बाजूनं स्कूटीवरच्या पोरी, तोंडाला घट्ट दुपट्टे,
नुसते डोळे. आपल्या गावचा उन्हाळाच तसा.
पण माझा मास्क ड्युटी संपली की मी काढायची.
बेसिनपाशी. स्वतःच्या हातानं.
समजूत तिथंच फाटली.

झाशी राणी चौकात सिग्नल लागला.
शेजारच्या पोरीनं पाणी प्यायला दुपट्टा सोडला :
लालबुंद, घामेजलेली, नाकावर एक मुरूम.
मी पाहतच राहिले.
"काय झालं वो काकू?" तिनं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
पी बाई. पाणी पी.